गोझोच्या दगडी बांध्या

परत आल्यापासून आमच्या दवनीवाड्याच्या पानठेल्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो, "गुरुजी, तिकडे काय काय पायलं?" मी विमान सांगतो, समुद्र सांगतो, चर्चचे घुमट सांगतो. लोक तंबाखूचा खर्रा चोळत ऐकतात. मग कुणीतरी हळूच विचारतो, "अन् पोरगी कधी येऊन राह्यली?" तिथे मी उठतो. पानठेल्यावर जे सांगता येत नाही ते इथे लिहितो आहे, म्हणजे एकदा लिहिलं की पुन्हा सांगायला नको.

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा चिमूटभर देश आहे. त्याच्या शेजारी गोझो नावाचं बेट आहे, ते चिमटीतून सांडल्यासारखं. माझी मुलगी ममता नर्सिंग शिकून सहा वर्षांपूर्वी तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. मी गेलो त्याआधीची तीन वर्षं ती गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर झेपू नावाच्या ऐंशी पार केलेल्या एका म्हाताऱ्याकडे होती. त्याच्याच घरात राहायची, त्याचं औषधपाणी आणि स्वयंपाक बघायची.

मी गेलो त्याच्या आदल्या वर्षी तिची आई वारली. रोवणीचे दिवस होते, बांध्या म्हणजे धानाची खाचरं पाण्यानं भरलेली. शांताला आठ दिवस ताप होता. फोनवर ममताशी बोलता बोलता ती मला म्हणाली, "नागपूरला दाखवून येऊ का?" मी चिखलाच्या पायांनी दारात उभा होतो. म्हणालो, "रोवणी होऊन जाऊ दे. बांधी पडीत ठेवते का कोनी?" रोवणी झाली, मग नागपूरला नेलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले की यायला उशीर केला. ममताच्या परवान्याचे कागद त्या वेळी नूतनीकरणात अडकले होते. देश सोडला असता तर पुन्हा घेतलं नसतं. तिनं आईची चिता मोबाइलवर पाहिली. मला तिचा राग आला होता, हे मी लपवत नाही. सगळे विधी उरकल्यावर रिकाम्या घरात माझा तो राग फार दिवस टिकला नाही, नुसती ओढ उरली. तिला घरी घेऊन यायचं, एवढं एकच काम मनाशी धरून मी पुढच्या ऑगस्टमध्ये विमानात बसलो. रोवणी उरकून निघालो, हे वेगळं सांगायला नको.

पहिले दिवस

माल्टाहून गोझोला मोठ्या बोटीनं जावं लागतं. अर्ध्या तासाचाही प्रवास नाही, पण वाऱ्यानं माझी टोपी समुद्रात गेली आणि बोटीवरच्या दोन बायका हसल्या. बंदरावर ममता उभी होती. पाच वर्षांत ती वाळली होती, रापली होती आणि केस कापले होते. ती पाया पडली. मी तिला जवळ घेणार, एवढ्यात तिनं माझी पिशवी उचलली आणि म्हणाली, "कायले एवढं ओझं आणलं, बाबूजी?" पिशवीत चिन्नोर तांदूळ, लाखोरीची डाळ आणि तिच्या आईचं एक लुगडं होतं. लुगडं वरच ठेवलं होतं. तिनं पिशवीत पाहिलं आणि चेन लावून टाकली.

आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. जिकडे मान फिरवाल तिकडे पाणी. गोझोत नदी नाही, तलाव नाही, डबकंसुद्धा नाही. चारी बाजूंना समुद्र, आणि घोट घ्यावा असं पाणी कुठे नाही. प्रत्येक जुन्या घराखाली दगडात कोरलेलं टाकं असतं, हिवाळ्यातला पाऊस त्यात साठवतात. कारण पाऊस त्यांना हिवाळ्यात पडतो! उन्हाळाभर आभाळ असं कोरडं की बघून माझ्याच घशाला कोरड पडे. घरं, कुंपणं, चर्च, सगळं एकाच दगडाचं, रंग बेसनाचा. शेतांच्या कडेनं रचलेल्या दगडांच्या भिंती, त्यांच्यावर नागफणी. हिरवं म्हणाल तर तेवढंच. माझा जीव पहिल्या दिवसापासून तिथे उदास झाला, आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

माणसं मात्र आपल्यासारखीच चौकस. दारात खुर्च्या टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. काही चर्चवर दोन घड्याळं असतात, एक बरोबर वेळ दाखवणारं आणि एक मुद्दाम चुकीची. सैतानानं फसावं म्हणून. आमच्याकडे एकच घड्याळ असतं आणि तेच चुकीचं असतं, असं मी म्हणालो तेव्हा ममता आल्यानंतर पहिल्यांदा हसली.

झेपू

झेपू उंच, वाकलेला, पाय सुजलेले, पण हात अजून लाकडासारखे घट्ट. मी हेडमास्तर होतो हे कळल्यावर तो मला 'सुरमास्त' म्हणू लागला. त्यांच्याकडे हेडमास्तरला तेच म्हणतात. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या फोटोपुढे लाल दिवा चोवीस तास जळे. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. ममता मध्ये बसून दोन्हीकडचं सांगे. माझी मुलगी घडाघडा त्यांची भाषा बोलते हे पाहून अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली.

जेवणाचं म्हणाल तर जाड पावावर टोमॅटो घासायचा, वर तेल, ऑलिव्ह आणि केपर नावाच्या आंबट-खारट कळ्या. हे दुपारचं जेवण! तिसऱ्या दिवशी मी स्वतःच चिन्नोरचा भात आणि डाळ केली. झेपूनं भाताचा वास घेतला, डोळे मिटले, आणि त्यावर पळीभर ऑलिव्हचं तेल ओतलं. मी कपाळाला हात लावला. तो मात्र ताट चाटूनपुसून जेवला.

चौथ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत मला समुद्रावर घेऊन गेला, ममताही बरोबर आली. रस्ता ओलांडला की खाली सपाट खडक, आणि त्या खडकात कोरलेल्या शेकडो चौकोनी खाचा. मी बघतच राहिलो. त्या बांध्या होत्या! आमच्या धानाच्या बांध्या, तशाच एकीला एक लागून, तसेच मधे धुरे म्हणजे बांध, तसंच वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत. फक्त माती नाही, सगळा दगड. आणि पीक मिठाचं. झेपूच्या पणजोबापासून हे काम त्याच्या घरात होतं. वरच्या मोठ्या खाचांत समुद्राचं पाणी भरून तापवायचं, ते दाट झालं की खालच्या लहान खाचांत सोडायचं, आणि तिथे मीठ पडलं की झाडूनं गोळा करायचं. त्या सकाळी वरच्या खाचांतलं पाणी कमी झालं होतं. आम्ही दोघांनी बादल्यांनी ते भरलं. मी धोतराचा काचा मारला. झेपूनं माझ्या मनगटाकडे बोट दाखवून ममताला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो म्हातारा?"

"म्हणते, सुरमास्त नाई हा. हा तर किसान हाये."

इतक्या दिवसांत एवढं बरं मला कुणी म्हटलं नव्हतं.

त्याच दुपारी मी विषय काढला. ममता अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हणालो, "माय, आता घरी चाल. मी एकटा आहे."

ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "येऊन राह्यली ना. तुमच्यासंगच येऊन राह्यली."

मला वाटलं, माझे कान वाजले. तिनं सगळं सांगितलं. झेपूची मुलगी कार्मेन माल्टाला राहते. बापाला आपल्याकडे न्यावं म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती आणि तो हटून बसला होता. या उन्हाळ्यात त्यानं कबूल केलं होतं: शेवटचं एक मीठ आपल्या हातानं काढायचं, पोत्यात भरायचं आणि मग घराला कुलूप लावायचं. हे मीठ गोळा झालं की झेपू कार्मेनकडे आणि ममता मोकळी. महिनाअखेरच्या माझ्या परतीच्या विमानात तिनं आपलीही जागा धरून ठेवली होती. मला शेवटी सांगून चकित करायचं, असा तिचा बेत होता.

मी तिथल्याच पायरीवर बसलो आणि रडलो. तिनं ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला, तिची आई ठेवायची तसाच. त्या संध्याकाळी तिनं लुगडं पिशवीतून काढलं आणि घडी मोडून उशाशी ठेवलं.

जत्रेनंतरची सकाळ

ऑगस्टच्या मध्याला तिथे मारिया मातेचा मोठा सण असतो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पंधरा ऑगस्टला झेंडा नव्हता. त्याऐवजी दिव्यांनी लखलखलेलं चर्च, खांद्यावर मूर्ती, बँडबाजा आणि दारूकाम. आपली दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, आठवली, फक्त दंडारीचा नाच तेवढा नव्हता. झेपू मिरवणुकीत हट्टानं चालला आणि दमून घरी आला.

त्याच संध्याकाळी माझी शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करणाऱ्या दुलीचंदचा फोन आला.

"गुरुजी, पानी नाई येऊन राह्यला. बांध्यायले भेगा पडल्या. नहराचा पानी बी अजून नाई सोडला."

"धान कसा आहे?"

"काय सांगू? असंच राह्यलं तं पोचा होते सारा."

ज्यानं धान केला नाही त्याला या वाक्याचा अर्थ कळणार नाही. धानाच्या मुळाशी पाणी हवं, आणि दाणा भरताना तर हवंच हवं. तेव्हा बांधी कोरडी पडली तर लोंबी दिसते भरघोस आणि आत दाणा नसतो. कोरडी बांधी बघून आमच्याकडे माणसाला घास गिळत नाही.

सकाळी मी लवकर उठलो. झेपू झोपला होता, ममता त्याच्या पायांना लावायचं तेल गरम करत होती. मी एकटाच खाली समुद्रावर गेलो. खालच्या लहान खाचांपाशी वाकून पाहिलं. पाणी जवळजवळ संपलं होतं. कडा कोरड्या पडल्या होत्या. तळाशी पांढुरका, पातळ पापुद्रा, जागोजागी भेगाळल्यासारखा. मीठ कसं होतं हे मी चौथीच्या पोरांना कितीदा शिकवलं होतं. समुद्राचं पाणी आटतं, मीठ उरतं. हे माझ्या डोक्यात होतं, नव्हतं असं म्हणणार नाही. पण मी मिठाचे खडे पाहिलेला माणूस. एवढ्याशा पापुद्र्यानं पोतं कसलं भरतं? मला वाटलं, दाणा अजून भरायचाय आणि पाणी तुटलंय. मीठ नीट आलं नाही तर म्हातारा घर सोडणार नाही, आणि तो गेला नाही तर ममता येणार नाही. वर बादली पडली होती. समुद्र चार पावलांवर होता.

दुसऱ्याच्या बांधीत हात घालायची माझी जुनी खोड. मी काचा मारला आणि पाणी भरायला लागलो. किती बादल्या ओतल्या ते मोजलं नाही. एकेक खाच काठोकाठ भरली की मन शांत होत होतं. पाठ मोडून आली तरी थांबलो नाही. शेवटची खाच भरली तेव्हा सगळ्या बांध्यांत आभाळ दिसत होतं. मी दगडावर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो. खरं सांगतो, शांता गेल्यानंतर एवढं समाधान मला कधी वाटलं नव्हतं.

ऊन चढल्यावर दोघं आली. झेपूच्या हातात लांब दांड्याचा झाडू होता, ममताकडे पोती. त्याच दिवशी मीठ गोळा करायचं होतं. झेपू रस्त्याच्या कडेला थांबला. मग काठी टेकत खाली आला, पहिल्या खाचेत हात घातला आणि तळ चाचपला. पापुद्रा विरघळून गेला होता. त्यानं बोटं चाखली आणि झाडूसकट दगडावर बसला.

ममतानं पोती खाली टाकली. "बाबूजी, कोनी सांगतलं तुमाले?"

"कोनी नाई."

"मंग काऊन?"

मी दाणा भरण्याचं सांगितलं. दुलीचंदचा फोन सांगितला. बोलता बोलता माझ्याच लक्षात येत गेलं की मी काय केलं. ती तोंडावर पदर नसताना पदर धरल्यासारखा हात धरून उभी होती. झेपूनं तिला विचारलं, तिनं त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हातारा काठी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली आणि एक वाक्य बोलला.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, याले कोरडं पाहवलं नाई."

नंतरचे दिवस

पाणी पुन्हा आटायला पंधरवडा तरी हवा होता. तेवढा वेळ आभाळानं दिला नाही. चौथ्याच दिवशी वारा फिरला आणि तिथला पहिला पाऊस अवेळीच आला, जोराचा, तासभर; खाचा गोड्या पाण्यानं भरल्या आणि त्या वर्षीचा मिठाचा हंगाम संपला. ज्या पावसासाठी दुलीचंद आभाळाकडे डोळे लावून बसला होता तो इथे दगडावर पडत होता. झेपू खिडकीत बसून खाचांकडे बघत होता. पाऊस थांबल्यावर त्यानं कार्मेनला फोन लावून सांगितलं: या वर्षी नाही. पुढच्या उन्हाळ्यात मीठ काढीन, मगच घर सोडीन.

कार्मेन बोटीनं आली. बापाला समजावलं, ओरडली, रडली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी तिला दोष देत नाही. जाताना तिनं ममताचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी मागत राहिली. काय मागत असेल ते समजायला भाषा लागत नव्हती.

संध्याकाळी ममता माझ्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"एक विचारू? खरं सांगजा. मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कायले करीन, माय? तू येणारच होतीस ना."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकली. मग म्हणाली, "मी नाई येऊ शकत, बाबूजी. त्यायचे पाय पाहा. एकटे राह्यले तर मरतील. अन् त्यायचं मीठ आपल्या हातून गेलं."

ती 'तुमच्या हातून' म्हणाली नाही. 'आपल्या' म्हणाली. मी भांडलो. सख्खा बाप मोठा की परका म्हातारा, असंही बोलून गेलो. ती आपल्या खोलीत गेली आणि उशाशी ठेवलेल्या लुगड्याची घडी घालू लागली.

निघायच्या दिवशी झेपू फाटकापर्यंत आला. माझ्या हातात कापडी पुरचुंडी ठेवली. जूनमध्ये काढलेलं मीठ होतं. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, त्यानं मला मधेच धरलं. त्याला तो रिवाज माहीत नव्हता. त्याला वाटलं मी पडतोय. बोटीवरून ममता बराच वेळ दिसत होती, मग नुसता बेसनी खडक दिसत राहिला. विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

दवनीवाडा

मी आलो तोवर इथे पाऊस झाला होता. बांध्या भरल्या होत्या. दुलीचंद म्हणाला, "तुमच्याबिगर बी धान सुदरला, गुरुजी." ते त्यानं चांगल्या मनानं म्हटलं.

झेपू जानेवारीत गेला. झोपेतच गेला, ममता शेजारी होती. तिचा फोन आला तेव्हा मला त्या माणसाचं खरंच वाईट वाटलं, आणि त्याच श्वासाला दुसरा विचारही आला. माणसाचं मन असंच असतं. मी महिनाभर थांबलो, मग विचारलं, "आता येशील ना?"

"मीठ काढून येईन," ती म्हणाली. कार्मेननं या एका उन्हाळ्यापुरत्या खाचा तिला दिल्या होत्या. शेवटचं मीठ काढून देईन, असा तिनं झेपूला शब्द दिला होता.

"अवं, पण म्हातारा तर गेला. आता कोनासाठी काढतेस?"

पलीकडे वारा ऐकू येत होता. ती खाली समुद्रावर असावी. रागानं नाही, टोमणाही नाही, अगदी साधं काम सांगावं तशी ती म्हणाली, "बांधी पडीत ठेवते का कोनी, बाबूजी?"

मी फोन कानाला धरून दारात उभा राहिलो. त्याच दारात, शांतापुढे उभा होतो तिथे. तिनं एवढंच म्हटलं, "जेवून घ्या." मग फोन ठेवला.

आता इथे पुन्हा रोवणी सुरू आहे. दुलीचंद दोनदा बोलवायला आला, मी गेलो नाही. पावसाळी हवेत झेपूचं मीठ पुरचुंडीतच पाझरतं. थोडी उघडीप मिळाली की मी ते सुपात पसरून अंगणात ठेवतो आणि शेजारी खुर्ची टाकून बसतो. आभाळ भरून आलं की सूप उचलून आत आणतो. तिकडचं मीठ अजून निघालेलं नाही.